गल्लीपासून गावापर्यंत पर्यावरणाचं मोजमाप: सोलापूरकरांसाठी निर्देशकांची वही

जुलै उजाडला की सोलापुरात पेपर उघडून आधी उजनी धरणाची टक्केवारी बघितली जाते. ‘प्लसमध्ये आली का?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, यंत्रमागाच्या खोलीत सारखाच विचारला जातो. एका आकड्यावरून पुढच्या वर्षाचं पिण्याचं पाणी, उसाच्या पाळ्या आणि टँकरचा खर्च यांचा अंदाज बांधायची सवय आपल्याला आहे. निर्देशक म्हणतात तो हाच. सगळी परिस्थिती डोळ्यांनी बघता येत नाही, म्हणून तिची खूण सांगणारा एक आकडा निवडायचा आणि तो वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं नोंदवायचा.

उजनीच्या टक्केवारीतच या विषयाचा पहिला धडा आहे. १०० टक्के म्हणजे सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). पण शून्य टक्के म्हणजे शून्य पाणी नव्हे. शून्यावर कागदोपत्री जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा उरतो, आणि टक्केवारी काढली जाते ती त्याच्या वरच्या सुमारे ५३.५ टीएमसी उपयुक्त साठ्यावर. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं तरी हिशेबानं आत तीसेक टीएमसी होतं. त्याच वर्षी पावसाळ्यात ते शंभरी ओलांडून गेलं. छेद काय धरलाय हे माहीत नसेल, तर ‘उणे ६०’ ऐकून एकजण घाबरतो आणि दुसरा ‘धरणात पाणी आहे की’ म्हणून निर्धास्त होतो. दुसरी गोष्ट अशी, की हा आकडा पाणी किती आहे ते सांगतो, कसं आहे ते सांगत नाही. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांचं पाणी शहरांचं सांडपाणी घेऊन भीमेतून उजनीतच येतं. धरण भरलं हा आनंद खराच, पण पाण्याच्या गुणवत्तेसाठी वेगळाच निर्देशक लागतो.

हा लेख आहे गल्ली, सोसायटी, छोटा कारखाना किंवा गाव यांनी स्वतःच्या पर्यावरणाचं मोजमाप कसं करावं याबद्दल. मी जुळे सोलापुरात राहतो. आमच्या कॉलनीत ही वही सुरू केली तेव्हा उत्साहात अठरा गोष्टी मोजायचं ठरवलं होतं. दिवाळीपर्यंत त्यातल्या चारच टिकल्या. पण त्या चारांनी आम्हाला जे दाखवलं ते एरवी दिसलं नसतं. खाली लिहिलेलं बरंचसं त्या अनुभवातून आलेलं आहे.

आधी ठरवा: आकडा बघून कोण काय करणार?

बहुतेक जण सुरुवात ‘काय मोजता येईल’ इथून करतात. तसं करू नका. आधी तुमच्या हातात कोणते निर्णय आहेत ते लिहून काढा. सोसायटीच्या हातात काय असतं? बोअर किती तास चालवायचा, टँकर कधी मागवायचा, गच्चीचं पाणी कुठे सोडायचं, ओला कचरा आवारात जिरवायचा की घंटागाडीत टाकायचा, जिन्यातले दिवे आणि लिफ्ट यांची वीज कुठून घ्यायची. ग्रामपंचायतीच्या हातात विहिरी, बंधारे, गावरान जमीन आणि काही अंशी पीकपद्धतीवरची चर्चा असते. यंत्रमाग किंवा रंगाईच्या कारखानदाराच्या हातात वीज, पाणी, वाफ आणि सांडपाणी असतं.

ज्या आकड्यामुळे यातला एकही निर्णय बदलणार नाही, तो कितीही महत्त्वाचा वाटला तरी तुमच्या वहीत नको. जागतिक तापमानवाढीचा आकडा गंभीर आहे, पण तुमच्या गल्लीच्या बैठकीत त्यावर ठराव होऊ शकत नाही. विजेच्या बिलावर होऊ शकतो.

मग हद्द ठरवा. भिंतीच्या आतलं सगळं, की पूर्ण प्रभाग, की गावाचा शिवार? हद्द एकदा ठरली की वर्षभर बदलायची नाही. याचं महत्त्व दक्षिण सोलापुरातल्या एनटीपीसीच्या प्रकल्पावरून कळतं. तिथे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, एकूण १,३२० मेगावॅट, कोळशावर चालणारे. त्याच्या चिमणीतून निघणारा सगळा कार्बन सोलापूरच्या नावावर लिहायचा का? ती वीज ग्रिडमधून दूरवर जाते. म्हणून हिशेबाची रीत अशी, की तुम्ही जेवढी वीज वापरली तेवढ्यापुरता ग्रिडचा सरासरी कार्बन तुमच्या नावावर. मात्र त्या परिसराची धूळ, राख आणि पाण्याचा वापर हे सगळं इथेच घडतं, ते स्थानिक हिशेबातच धरायचं. कार्बनची हद्द वेगळी आणि धुळीची वेगळी असू शकते, फक्त ती वहीत लिहिलेली असावी.

साखळी मांडा, मग निर्देशक निवडा

१९९० च्या दशकात ओईसीडी या प्रामुख्यानं विकसित देशांच्या संघटनेनं पर्यावरणाच्या निर्देशकांसाठी एक साधी मांडणी रूढ केली: ताण, स्थिती आणि प्रतिसाद. आपल्या बोअरवर ती अशी बसते. रोज किती तास उपसा होतो हा ताण. पाण्याची पातळी किती खाली आहे ही स्थिती. पावसाचं पाणी जमिनीत जिरवणारे पुनर्भरणाचे खड्डे किती आणि त्यातले चालू किती हा प्रतिसाद. तिन्हींतला एकेक आकडा असेल तर गोष्ट पूर्ण होते. फक्त प्रतिसाद मोजला तर ‘दहा खड्डे केले’ एवढंच कळतं, पाणी वाढलं का ते कळत नाही. फक्त स्थिती मोजली तर पातळी का घसरली याचा पत्ता लागत नाही.

काही सुटत नाही ना हे तपासायला ‘माझी वसुंधरा’ अभियानाची पंचतत्त्वं सोयीची आहेत. राज्य सरकारनं हे अभियान २०२० मध्ये सुरू केलं. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश असे त्याचे पाच भाग. अग्नी म्हणजे ऊर्जा, आकाश म्हणजे जनजागृती. प्रत्येक तत्त्वातला निदान एक निर्देशक घ्या, पण सगळ्यांना सारखं वजन द्यायची सक्ती करून घेऊ नका. सोलापुरात पाण्याचे तीन असले आणि बाकीच्यांचा एकेक, तरी ते योग्यच आहे.

पहिल्या वर्षी सहा ते आठ पुरेत. प्रत्येकासाठी वहीचं एक पान राखा आणि त्यावर एवढं लिहा:

- काय मोजतो आणि कोणत्या एककात
- अंश काय, छेद काय
- कुठे, कधी, कशानं मोजायचं, कोण मोजणार
- वाढ चांगली की घट चांगली
- कोणत्या आकड्याला कोणता निर्णय घ्यायचा

शेवटची ओळ रिकामी राहत असेल तर तो निर्देशक खोडा.

पाणी: इथे वेळ द्या

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे ‘आज किती वापरलं’ असं मोजण्यात अर्थ नाही. मोजायचं ते एका पाण्याच्या दिवसापासून पुढच्या पाण्याच्या दिवसापर्यंत.

हौदाची लांबी आणि रुंदी मीटरमध्ये घ्या. पाणी येण्याआधी आणि आल्यानंतर काठीनं खोली मोजा. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोलीतला फरक, आणि त्याला हजारानं गुणलं की नळाचं पाणी लिटरमध्ये मिळतं. हौद भरत असतानाच वरच्या टाकीची मोटार चालू असेल तर हिशेब चुकतो, म्हणून तेवढा वेळ ती बंद ठेवा.

बोअरला मीटर नसेल तर बादलीची परीक्षा करा. १५ लिटरची बादली भरायला २० सेकंद लागले, तर मिनिटाला ४५ लिटर आणि तासाला २,७०० लिटर. मोटार किती तास चालली हे वॉचमनला वहीत लिहायला सांगा. ही परीक्षा वर्षातून एकदाच करून चालत नाही, कारण मे महिन्यात तोच बोअर धापा टाकत पाणी देतो. दोन महिन्यांतून एकदा करा. टँकरचं पाणी पावतीवरून कळतं.

उदाहरण म्हणून ४० घरांची सोसायटी घेऊ, माणसं १६०, पाणी दर चार दिवसांनी. नळाचं ४८,००० लिटर आलं, बोअर सहा तास चालला म्हणजे १६,२००, आणि १०,००० चा एक टँकर. एकूण ७४,२००. भागिले १६० माणसं आणि ४ दिवस, म्हणजे माणशी रोज ११६ लिटर. मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी देशात माणशी १३५ लिटरचा मापदंड वापरतात, आणि जलजीवन मिशननं ग्रामीण भागासाठी माणशी ५५ लिटर धरले आहेत. त्यांच्याशी तुलना करता येते.

पण माझ्या मते याच नोंदीतून निघणारा दुसरा आकडा जास्त बोलका आहे. एकूण पाण्यात बोअर आणि टँकरचा वाटा किती? इथे ७४,२०० पैकी २६,२००, म्हणजे ३५ टक्के. हा वाटा दर उन्हाळ्यात वाढत असेल, तर माणशी ११६ लिटरचा समाधानकारक आकडा जमिनीखालच्या शिल्लकीतून उचललेला आहे.

आणखी एक सावधगिरी. कमी पाणी वापरलं म्हणजे शाश्वत, असा सरळ अर्थ लावू नका. ज्या घरात पाणी पोचतच नाही त्या घराचा वापर सगळ्यात कमी दिसतो. त्याला काटकसर म्हणणं हा त्या घरातल्या बाईवर अन्याय आहे, जी घागरी घेऊन दुसऱ्या गल्लीत जाते. म्हणून सरासरीशेजारी सगळ्यात कमी पाणी मिळणाऱ्या घराचा आकडाही लिहा.

विहीर आणि बोअरची पातळी

एकच निर्देशक ठेवायचा असेल तर मी हा ठेवीन.

विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटनं एक खूण करा. वजन बांधलेली मोजपट्टी नेहमी त्याच खुणेपासून सोडा आणि कठडा जमिनीपासून किती उंच आहे ते वजा करा. वेळ सकाळची, मोटार सुरू होण्याआधीची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. तुम्हीही निदान हेच चार महिने धरा, म्हणजे तुमचा आकडा सरकारी नोंदींशेजारी ठेवता येईल.

बोअरमध्ये मोजपट्टी जात नाही. त्यासाठी दोन तारांची लांब वायर घ्या, तिच्यावर मीटरच्या खुणा करा, खालची टोकं एकमेकांना न लागतील अशी उघडी ठेवा आणि वर बॅटरीवर चालणारा मल्टीमीटर जोडा. टोकं पाण्याला लागली की काटा हलतो. घरातली वीज या कामाला अजिबात वापरायची नाही, आणि बोअरची मोटार काही तास आधीपासून बंद हवी. वायर पाइपात अडकण्याचा धोका असतो. पुढच्या वेळी मोटार दुरुस्तीला वर काढाल, तेव्हा मेकॅनिकला सांगून शेजारून अर्ध्या इंचाचा प्लॅस्टिक पाइप सोडून घ्या. नंतरची सगळी मोजणी त्यातून निर्धोक होते.

आपली जमीन काळ्या पाषाणाची, बेसाल्टची. पाणी सच्छिद्र थरांत आणि भेगांत असतं, त्यामुळे पन्नास फुटांवरच्या दोन बोअरची पातळी अगदी वेगळी असू शकते. सगळ्या बोअरची सरासरी काढून एक आकडा करू नका. प्रत्येक विहिरीची स्वतःची मालिका ठेवा, आणि मेची तुलना मागच्या मेशीच करा. ऑक्टोबरची पातळी मेपेक्षा वर असणारच, त्यात काही कमावलेलं नसतं.

शेजारच्या रकान्यात त्या वर्षाचा पाऊस लिहा. दोन वर्षांचा पाऊस सारखा असूनही मेची पातळी दीड मीटर खाली गेली असेल तर कारण उपशात आहे. पाऊस कमी आणि पातळी तेवढीच, तर तुमचं पुनर्भरण काम करतंय. पावसाच्या आकड्याशिवाय पातळीचा आकडा अर्धा मुका आहे. पर्जन्यमापक छोटासा असतो, गच्चीवर मोकळ्या जागी बसवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरची गच्ची, ५०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातलं ८० टक्के हाती लागलं, तर ४०,००० लिटर, म्हणजे दहा हजारांचे चार टँकर. हा हिशेब फळ्यावर मांडला की पुनर्भरणाच्या वर्गणीसाठी फार भाषण करावं लागत नाही.

गुणवत्तेसाठी टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेन जवळ ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, २०१२ च्या आवृत्तीत, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. पण टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, हा गैरसमज घरोघरी आहे. नायट्रेट किंवा जंतू या पेनाला कळत नाहीत. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यासाठी पावसाळ्याआधी आणि नंतर प्रयोगशाळेत नमुना द्यायला हवा. जंतूंच्या पहिल्या चाचपणीसाठी एचटूएसची बाटली मिळते. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवल्यावर ते काळं पडलं, तर दूषित असण्याची शक्यता मोठी.

गावासाठी हाच विचार शिवाराच्या मापानं करायचा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. १,००० हेक्टरच्या शिवारावर ५०० मिलिमीटर पडला तर ५०० कोटी लिटर. हे ऐकायला प्रचंड वाटतं, पण बहुतेक पाणी हवेत उडून किंवा वाहून जातं, खडकात मुरतं ते थोडंच. आता खर्चाची बाजू बघा. उसाला हंगामात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं असं धरतात. दोन हजार धरले तरी एका हेक्टरला दोन कोटी लिटर. मंगळवेढ्याकडचा शाळू मात्र बहुतेक काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येतो. म्हणून गावाच्या वहीत एक आकडा असा हवा: पिकाखालच्या एकूण क्षेत्रात उसाचा वाटा किती टक्के? सातबाऱ्यावरच्या पीकनोंदीतून आणि ई-पीक पाहणीतून तो काढता येतो. हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद मांडून जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना आवर घातला, त्याच्या मुळाशी दरवर्षी मोजायची हीच सवय आहे. सोलापूर साखर कारखान्यांचा जिल्हा आहे आणि उसावर हजारो घरं चालतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच हा आकडा आरोपासारखा न वापरता ताळेबंदासारखा ग्रामसभेपुढे ठेवावा.

हवा

इथे स्वतः मोजण्यापेक्षा सरकारी आकडा नीट वाचणं जास्त उपयोगाचं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. हवा गुणवत्ता निर्देशांकात ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम आणि पुढे वाईट असे टप्पे आहेत. हा निर्देशांक सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसतो, त्यातल्या सगळ्यात वाईट प्रदूषकाचा आकडा असतो. म्हणून १५० दिसल्यावर खाली कोणत्या प्रदूषकामुळे ते बघा. धुळीच्या मोठ्या कणांमुळे (पीएम १०) असेल तर उपाय रस्ता, बांधकाम आणि माती यांत आहे. सूक्ष्म कणांमुळे (पीएम २.५) असेल तर जळणात, धुरात.

वहीत रोजचा आकडा नको, महिन्याची आणि वर्षाची सरासरी लिहा. आपल्याकडचं वार्षिक मानक मोठ्या कणांसाठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि सूक्ष्म कणांसाठी ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हेच १५ आणि ५ वर आणले. देशाच्या मानकात बसलो म्हणजे फुप्फुसं सुरक्षित, असं समजू नये.

गल्लीच्या पातळीवर मला सगळ्यात भावलेला निर्देशक साधा आहे: आठवड्यात किती ठिकाणी कचरा किंवा पालापाचोळा जळताना दिसला. सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांनी खडूनं फळ्यावर रेघ मारायची. उपकरण लागत नाही, आणि आकडा कमी करणं पूर्णपणे गल्लीच्या हातात आहे.

कचरा आणि वीज

कचऱ्यासाठी वर्षातून दोनदा सलग सात दिवस वजन करा. ओला, सुका आणि मिसळलेला असे तीन ढीग. गड्ड्याच्या यात्रेचा किंवा दिवाळीचा आठवडा टाळा, नाहीतर तुलना बिघडते. दोन आकडे ठेवा: माणशी रोज किती ग्रॅम, आणि त्यात मिसळलेला किती टक्के. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण मिसळलेल्या कचऱ्याचं ना खत होतं ना गॅस.

विजेसाठी बारा महिन्यांची बिलं पुरतात. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. पेट्रोल जळतं तेव्हा लिटरला २.३ किलो, डिझेलला २.७ आणि १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरला सुमारे ४२ किलो. महिन्याला ३,००० युनिट वापरणाऱ्या इमारतीचा वर्षाचा हिशेब ३६,००० गुणिले ०.७, म्हणजे सुमारे २५ टन होतो.

अक्कलकोट रोडच्या किंवा पूर्व भागातल्या कारखानदारांसाठी थोडं वेगळं सांगतो. टॉवेल किंवा चादरीच्या धंद्यात एकूण वीज मोजली तर मंदीच्या वर्षी तुम्ही फार पर्यावरणप्रेमी दिसाल. म्हणून किलोमागे युनिट मोजा, आणि रंगाईत किलो सुतामागे लिटर पाणी. हे आकडे घटले तर धंद्याचा खर्चही घटतो. पण शेजारी एकूण आकडाही ठेवा. किलोमागचं पाणी १० टक्क्यांनी घटलं आणि उत्पादन ३० टक्क्यांनी वाढलं, तर जमिनीतून उपसलेलं पाणी १७ टक्क्यांनी वाढलेलंच असतं. विहिरीला किलो कळत नाही, तिला एकूण उपसा कळतो.

हिरवाई मोजताना सोलापूर विसरू नका

झाडांची संख्या हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फसवा निर्देशक आहे. किती लावली हे मोजायचं नाही, तीन उन्हाळे काढून किती जगली ते मोजायचं. बेचाळीस अंशांपुढे जाणारा पारा सोसून उभं राहिलेलं निंबाचं एक झाड, वर्तमानपत्रातल्या फोटोपुरत्या लावलेल्या शंभर रोपांपेक्षा मोठी नोंद आहे. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या आणि दर जूनच्या आधी एकदा फेरी मारा.

आणि माळरान हा आपला मूळ निसर्ग आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं, ते या गवताळ माळासाठीच. उपग्रहाच्या चित्रात माळ वर्षातले आठ महिने पिवळा दिसतो आणि ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो. तिथे झाडं लावली की हिरवाईचा निर्देशक वाढतो, पण माळढोक, काळवीट, लांडगा आणि चंडोल यांचं घर जातं. ज्या गावाला माळ आहे त्यानं झाडांऐवजी हे मोजावं: अखंड गवताळ क्षेत्र किती हेक्टर उरलं, आणि ठरलेल्या वाटेनं वर्षातून चार वेळा एक तास चालताना गवताळ पक्ष्यांच्या किती जाती दिसल्या. मला या विषयात सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, कारण चुकीचा निर्देशक इथे प्रत्यक्ष नुकसान करतो.

तळ्याजवळ राहणाऱ्यांना सोपा उपाय आहे. २० सेंटिमीटरची, काळ्या-पांढऱ्या चौकडीची गोल तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि कोणत्या खोलीवर ती दिसेनाशी होते ते लिहा. सिद्धेश्वर तलाव असो की कंबर तलाव, एकाच जागेवरून, दुपारच्या सुमारास, महिन्यातून एकदा. जोडीला त्याच जागेवरून काढलेला फोटो, म्हणजे जलपर्णी किती पसरली तेही कळतं.

आकडे जमले, पुढे काय

पहिलं वर्ष हे आधारवर्ष. त्या वर्षी निष्कर्ष काढू नका. आधारवर्ष दुष्काळाचं निघालं तर पुढची सगळी वर्षं सुधारणा झाल्यासारखी दिसतात, म्हणून त्या वर्षीचा पाऊस पहिल्याच पानावर लिहून ठेवा. शहराचे आकडे लोकसंख्येनं भागताना २०११ च्या जनगणनेतले ९,५१,५५८ हा छेद धरला, तर तसं नमूद करा. तेव्हापासून शहर बरंच वाढलंय, आणि जुन्या छेदानं माणशी आकडा फुगतो. महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते. तो मिळवून आपल्या आकड्यांशेजारी ठेवा.

सगळे निर्देशक मिळून एकच गुण काढावा, असा आग्रह बैठकीत कोणीतरी धरतंच. शक्यतो करू नका. करायचंच असेल तर आधी प्रत्येक आकडा शंभरच्या मापात आणा: तुमच्या आकड्यातून सर्वांत वाईट आकडा वजा करा, सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट यांतल्या फरकानं भागा, शंभरानं गुणा. मग साध्या सरासरीऐवजी गुणोत्तरी मध्य घ्या. समजा कचऱ्यात ९० गुण आहेत आणि पाण्यात १०. साधी सरासरी ५० येते आणि सगळे सुखावतात. दोन्हींचा गुणाकार ९००, त्याचं वर्गमूळ ३०. मानवी विकास निर्देशांकातही २०१० पासून हीच रीत आहे, कारण एका बाजूचा अभाव दुसरी बाजू पूर्ण भरून काढू शकत नाही. कोरड्या विहिरीची भरपाई स्वच्छ अंगणानं होत नाही.

त्यापेक्षा जिन्याखाली फळा लावा, आठ ओळी, प्रत्येकीपुढे मागच्या वर्षीचा याच महिन्याचा आकडा आणि यंदाचा. आणि प्रत्येक ओळीचा इशाऱ्याचा आकडा आधीच, शांत डोक्यानं, पावसाळ्यातच ठरवून ठेवा. उदाहरणार्थ, मार्चची पातळी मागच्या मार्चपेक्षा एक मीटर खाली गेली की गाड्या पाइपनं धुणं बंद आणि बोअर दिवसाला एक तास कमी. हा ठराव एप्रिलमध्ये मांडला तर भांडणं होतात. ऑगस्टमध्ये, हौद भरलेला असताना, तो एकमतानं होतो.

वही एकाच माणसाच्या हातात ठेवू नका. मोजणारे दोघे असावेत, त्यातला एक शाळकरी असला तर फारच चांगलं. मोजणारा बदलताना नव्या आणि जुन्या माणसानं एकदा शेजारी उभं राहून तीच विहीर मोजावी. दोघांच्या आकड्यांत किती फरक येतो तोही वहीत लिहावा, कारण त्याहून लहान बदल दिसला तर तो बदल मानायचा नाही. विहिरीच्या कठड्यावरच्या ऑइलपेंटच्या खुणेचा फोटो पहिल्या पानाला चिकटवा आणि दर पावसाळ्यानंतर खूण पुन्हा रंगवा. कठडा नव्यानं बांधला, तर जुन्या खुणेपासून नवी खूण किती वर किंवा खाली आली ते त्याच दिवशी, गवंडी समोर असतानाच, मोजून घ्या.